नखशिखांत

कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात सात टाइपरायटर होते आणि सातही टायपिस्टांना एकमेकांच्या चुका पाठ होत्या. दुसऱ्या टेबलावरच्या मशीनचा पूर्णविराम कागदाला भोक पाडायचा. पाचव्या टेबलावरच्या काकांचं आणि ऱ्हस्व-दीर्घाचं जन्माचं वाकडं होतं. दर दोन ओळींना ते मान वळवून सहाव्या टेबलाला विचारायचे, "बाई, पहिली की दुसरी?" आणि सहाव्या टेबलावरच्या बाई आपली बोटं न थांबवता सांगायच्या, "दुसरी."

या बाईंना अख्खं कोर्ट बिनखोडबाई म्हणायचं. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण बावीस वर्षांत त्यांच्या कागदावर खाडाखोड सापडली नव्हती. एका कागदाच्या तीन प्रती, मध्ये दोन कार्बन. एक अक्षर चुकलं तर तिन्ही प्रतींवर खोडायचं, खोडल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, आणि तोवर चहा प्यायला गेलेला पक्षकार पुन्हा सापडला तर नशीब. म्हणून वकील मंडळी बाईंच्या टेबलापुढे रांग लावायची. बाईंना याचा अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या पडत नसत. "कागदाला खोड नको, माणसाला असली तर असो," असं म्हणायच्या, आणि काका हटकून उत्तर द्यायचे, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, बाई." मग व्हरांडा हसायचा.

व्हरांड्यात प्रत्येक कागदाला शेपूट असे. म्हणजे शेवटचा ठरलेला परिच्छेद. भाडेकराराचं शेपूट वेगळं, वाटणीपत्राचं वेगळं, तडजोडीचं सगळ्यात लांब. वकिलांनी हाताने लिहून आणलेल्या मसुद्यात शेवटी नुसतं 'वगैरे' असायचं. वगैरे दिसलं की टायपिस्टाने शेपूट लावायचं, हा शिरस्ता. सातही टेबलांची शेपटं सारखीच होती, कारण सगळ्यांनी ती एकाच म्हाताऱ्या टायपिस्टाकडून उचलली होती. बाईंच्या तडजोडीच्या शेपटात मात्र एक शब्द जास्त होता. 'शरीराच्या कोणत्याही भागास' एवढंच मुळात होतं. ते त्यांना मिळमिळीत वाटलं, म्हणून त्यांनी पुढे 'नखशिखांत' घातला. शाळेत असताना हा शब्द निबंधात वापरल्याबद्दल गुरुजींनी त्यांना फळ्यापाशी उभं करून शाबासकी दिली होती. माणसाला आयुष्यात दोन-चारच शाबासक्या मिळतात, त्या तो जपून वापरतो.

सात वर्षांपूर्वी बाईंच्या नवऱ्याची दोन बोटं गेली. ते दगडाच्या कारखान्यात होते. स्वयंपाकघराचे ओटे, बेसिनचे कट्टे, पायऱ्यांच्या लाद्या, असलं सगळं तिथे कापलं जायचं. कारखान्यात त्यांना मिस्त्री म्हणत आणि घरीही तेच नाव चिकटलं होतं. कापायच्या चक्राने डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मिस्त्री पहिलं काय बोलले, तर, "आता दहापर्यंत मोजायचं म्हणजे चप्पल काढावी लागणार." बाई रडता रडता हसल्या आणि मग हसल्याबद्दल पुन्हा रडल्या.

त्यांनी दावा लावला. वर्षभर तारखा पडल्या आणि शेवटी कारखाना तडजोडीला आला. बोटांची भरपाई मिळणार होती. वर मिस्त्रींना चक्रावरून काढून हलकं काम मिळणार होतं, पॉलिशच्या खोलीत. तिथे कापाकापी नाही, पाण्याचा चिखल नाही. स्टुलावर बसून कोरड्या चकतीने दगडाच्या कडा घासायच्या. बाईंना वाटलं, देव पावला.

मसुदा घेऊन कारखान्याचा कारकून थेट सहाव्या टेबलाशी आला. वाईट माणूस नव्हता तो. चालताना जमिनीला त्रास होऊ नये अशा बेताने चालायचा.

"बाई, तुमचाच कागद, तुम्हीच करा," तो म्हणाला. "घरचं कार्य आहे."

"घरच्या कार्यात जेवायला वेळ मिळत नाही," बाई म्हणाल्या आणि तीन कागदांत दोन कार्बन सरकवले.

पाच कलमं होती. बोटं, भरपाई, हलकं काम, मुदत, आणि शेवटी 'सबब बोटांबाबतचा हा दावा निकाली काढण्यात यावा.' खाली वगैरे नव्हतं. अर्धं पान कोरं होतं. बाईंना तो कागद अर्धा उघडा वाटला. परक्यांच्या कागदाला शेपूट लावायचं आणि आपल्या माणसाचा कागद असाच जाऊ द्यायचा? खरं तर एवढा विचारही त्यांनी केला नाही. बोटं थांबलीच नाहीत:

'सदर तडजोडीमुळे अर्जदाराच्या, नखशिखांत, शरीराच्या कोणत्याही भागास, सदर नोकरीच्या कारणाने आजवर झालेल्या वा यापुढे उद्भवणाऱ्या, ज्ञात वा अज्ञात, सर्व इजा व व्याधी यांबाबतच्या समस्त मागण्या कायमच्या संपुष्टात आल्या असून, अर्जदारास वा त्याच्या वारसांस त्याबाबत पुन्हा कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही.'

एकही अक्षर चुकलं नाही. कागद कसा भरलेला दिसत होता. कारकून प्रत घेऊन आपल्या साहेबांकडे गेला आणि सही करून घेऊन आला. मग मिस्त्रींनी प्रत हातात धरून बराच वेळ पाहिली. त्यांनी काहीतरी विचारलं, बाईंनी काहीतरी उत्तर दिलं. काय ते बाईंच्या लक्षात राहिलं नाही, त्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदाला कार्बन लावत होत्या. मिस्त्रींनी सही केली. दुपारी न्यायाधीशांनी तडजोडीवर शिक्का मारला आणि दोघं नवराबायको बऱ्याच दिवसांनी रिक्षाने घरी गेली.

त्यानंतर पाच वर्षं मिस्त्री रोज संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन यायचे. भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या. दारात उभं राहून शर्ट झटकायचे आणि बाई ओरडायच्या, "अहो, बाहेर झटका, आत्ताच झाडून काढलंय!" पाचव्या वर्षी खोकला लागला. आधी अंग उतरलं, मग जिना चढताना मध्ये थांबणं आलं, मग जिना चढणंच बंद झालं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि बोटाने दाखवलं. ढगासारखं काहीतरी होतं.

"दगडाची धूळ आहे. आत बसलीय. ही निघत नाही," ते म्हणाले. "आता आहे तेवढं जपायचं."

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, भाड्याने. ते दिवसभर पलंगाशेजारी घरघरत असायचं. मिस्त्री त्याला 'सवत' म्हणायचे, "तुझ्यापेक्षा जास्त वेळ माझ्याजवळ असते." पण डॉक्टरांनी आणखी औषधं सांगितली होती, मोठ्या दवाखान्यातले उपचार सांगितले होते, आणि ते वेळेत झाले तर माणूस काही वर्षं काढेल असंही सांगितलं होतं. नाही झाले तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. पॉलिशच्या खोलीतली आणखी तीन माणसं तशीच खोकत होती. त्या तिघांनी दावे लावले, मग मिस्त्रींनीही लावला. उपचारांचा खर्च कारखान्याने करावा, एवढंच मागणं होतं.

वकीलबाई बाहेरून आलेल्या होत्या, तरुण होत्या, बोलायला तिखट होत्या. "चौघांत तुमचाच दावा सगळ्यात भक्कम," त्या म्हणाल्या होत्या. महिन्याने कारखान्याचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. उत्तर एका पानाचं होतं. मागे जुन्या तडजोडीची प्रत जोडली होती.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" वकीलबाईंनी विचारलं.

"ते बोटांचं होतं," मिस्त्री म्हणाले. मध्ये श्वास घेतला. "हे छातीचं आहे."

वकीलबाईंनी शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. 'नखशिखांत' या शब्दाशी बाईंनी आपला हात ओळखला. आपलीच पाककृती कुणीतरी आपल्यापुढे विष म्हणून ठेवावी, तसं झालं.

"कळलं का?" वकीलबाई म्हणाल्या. "आधीचा दावा, त्यात तडजोड, तडजोडीवर कोर्टाचा शिक्का. त्यात लिहिलंय की बोटंच काय, या नोकरीने पुढे काहीही झालं, आज ठाऊक नसलेलं काही निघालं, तरी तुम्ही पुन्हा मागणार नाही. ते म्हणतात, हे दार तुम्हीच लावून घेतलंय. उरलेल्या तिघांनी असलं काही लिहून दिलेलं नाही. त्यांचे दावे चालतील."

"पण तेव्हा खोकला नव्हता."

"म्हणूनच तर 'अज्ञात' म्हटलंय. सही करताना वाचलं होतंत?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"टाइप कुणी केलं?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं नाही. "व्हरांड्यात बसतात ना ते. पाचव्या टेबलावर असेल. ही त्या दिवशी माहेरी गेली होती."

माहेर म्हणायला बाईंना एक भाऊ होता आणि त्याच्याकडे त्या बारा वर्षांत फिरकल्या नव्हत्या. मिस्त्री विसरले असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगायला सोपं असतं, समोरचा उलट बोलत नाही.

"एकच वाट दिसते," वकीलबाई म्हणाल्या. "हा परिच्छेद दोन्ही बाजूंना नको होता, चुकून आला, असं दाखवता आलं तर. मूळ मसुदा मिळाला तर बघू. पण सहा वर्षांनी तो कोण ठेवतंय!"

बिनखोडबाई ठेवत होत्या. प्रत्येक मसुदा त्या टेबलाखालच्या तारेत ओवायच्या आणि तार भरली की घरी माळ्यावरच्या पेटीत टाकायच्या. उद्या कुणी म्हणालं की टायपिस्टाने चूक केली, तर मसुदा तोंडावर फेकता यावा म्हणून. बावीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. त्या दिवशी मिस्त्रींचा डोळा लागल्यावर त्यांनी पेटी खाली काढली. दुपार गेली, पण सापडला. कारकुनाचं गिचमिड अक्षर, पाच कलमं, खाली कोरं अर्धं पान. वगैरे नाही. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागेही नव्हतं.

कागद दोन दिवस त्यांच्या पर्समध्ये होता. तो दाखवायचा म्हणजे शेपूट कुणी लावलं ते सांगायचं. व्हरांडा काय म्हणेल, याची लाज वाटली, आणि लाज वाटली याची त्याहून जास्त वाटली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री पलंगावरून संडासापर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकले. बाई तशाच वकीलबाईंकडे गेल्या.

"मी टाइप केलं," त्या म्हणाल्या. "मसुद्यात नव्हतं. मी लावलं."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी दोन दिवस शोधलं होतं. "कागद अर्धा वाटला म्हणून," त्या म्हणाल्या.

वकीलबाई पेन उचलून म्हणाल्या, "साक्ष द्यावी लागेल. सवयीने टाइप केलं, एवढंच म्हणायचं. अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही."

सुनावणीला मिस्त्री आले नाहीत, मशीन सोडून येणं शक्यच नव्हतं. पाचव्या टेबलावरचे काका शेजारी म्हणून येऊन मागच्या बाकावर बसले. आधी कारकुनाची साक्ष झाली. त्याने एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"मसुदा माझ्या हातचा," तो म्हणाला. "त्यात शेवटचा परिच्छेद नव्हता. बाईंनी घातला."

वकीलबाईंचा चेहरा उजळला. मग कारखान्याचे वकील उठले.

"तो परिच्छेद तुमच्या साहेबांनी सही करण्यापूर्वी वाचला?"

"वाचला, साहेब. दोनदा वाचला. म्हणाले, आपल्याला सुचलं नव्हतं, बाईंनी छान केलंय. राहू दे."

म्हणजे कारखान्याची चूक झालेलीच नव्हती. झाली ती एकट्या बाईंची. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा हे त्यांना कळून चुकलं होतं. वकिलांनी त्यांना अगदी आदराने विचारलं.

"बाई, अर्जदार तुमचे कोण?"

"मालक. नवरा."

"परिच्छेद का घातलात?"

"सवयीने. बोटं आपोआप चालतात, साहेब."

"बरोबर आहे. मी बाकीच्या सहा टेबलांच्या तडजोडी आणल्यात." त्यांनी कागद पसरले. "सगळ्यांचा परिच्छेद हाच. फक्त एक शब्द नाही. 'नखशिखांत'. तो कुणाचा?"

बाईंनी वकीलबाईंकडे पाहिलं. मागच्या बाकावर काकांनी मान खाली घातली.

"माझा," बाई म्हणाल्या.

"घातला तेव्हा अर्थ माहीत होता?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण बावीस वर्षं जो शब्द मिरवला, तो आपल्याला कळत नव्हता असं म्हणायला जीभ उचलेना. आणि म्हटलं असतं तरी तिथे कुणाला खरं वाटणार होतं?

"अर्थ माहीत होता."

"सांगता का कोर्टाला?"

"पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत."

"म्हणजे मध्ये छाती आलीच."

न्यायाधीशांनी उत्तराची वाट न पाहता काहीतरी लिहून घेतलं.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. पूर्वीच्या तडजोडीची भाषा स्पष्ट आहे, तो मजकूर अर्जदाराच्याच घरच्या व्यक्तीने समजून-उमजून घातला आहे, विरुद्ध बाजूने वाचून मान्य केला आहे, सबब छातीच्या विकाराचा हा दावा चालू शकत नाही. वकीलबाई वरच्या कोर्टाबद्दल बोलल्या. किती वेळ लागेल, असं बाईंनी विचारलं. वकीलबाईंनी तीन वर्षं म्हणून सांगितलं. निघताना बाईंनी आणखी एक विचारलं, "उद्या यांचं काही झालं, तर मी मागू शकते?"

"त्यात 'वारसांस' असं लिहिलंय," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

तेही त्यांनीच लिहिलं होतं.

घरी आल्यावर बाईंनी आधी मशीनच्या बाटलीतलं पाणी बदललं. मग पलंगाच्या कडेला बसल्या. संध्याकाळचं ऊन खिडकीतून मिस्त्रींच्या पायांवर पडलं होतं.

"अहो, दावा गेला."

"बरं."

"माझ्यामुळे गेला. ते शेपूट मी लावलं होतं. मसुद्यात नव्हतं."

"ठाऊक आहे."

बाईंनी मान वर केली. मिस्त्री छताकडे बघत होते. दोन-तीन शब्द बोलायचे, थांबायचे, मशीनला बोलू द्यायचे, मग पुढे.

"मी वाचलं होतं तेव्हा," ते म्हणाले. "सगळं वाचलं होतं. तुला विचारलं, हे शेवटचं काय गं? तू म्हणालीस, ते शेपूट. सगळ्यांना असतं."

"आणि तुम्ही सही केलीत?"

"तू म्हणालीस ना."

बाईंना तो दिवस आठवेना. रिक्षा आठवली, कार्बनने काळे झालेले हात आठवले, पण ते वाक्य काही केल्या आठवेना. नवऱ्याचं आयुष्य ज्या वाक्यावर अडकलं, ते त्यांनी बोलताना ऐकलंसुद्धा नव्हतं.

"मग वकीलबाईंना खोटं का सांगितलंत? मी माहेरी होते म्हणून?"

"मी जाणारच आहे." थांबले. "तुला त्या व्हरांड्यात बसायचंय. बिनखोडबाईंच्या कागदात खोड..." पुढचं खोकल्यात गेलं. बाईंनी पाठीवर हात फिरवला. हाताला बरगड्या लागल्या, एकेक मोजता आली असती.

"शिव्या तरी द्या हो मला," त्या म्हणाल्या.

"दम लागतो शिव्यांना," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी तीन बोटांचा हात बाईंच्या हातावर ठेवला. बाई रडल्या, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं रडल्या. मिस्त्रींनी गप्प बस म्हटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा सहाव्या टेबलावर बसल्या. ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं कुणी भरायचं? व्हरांड्याने काही विचारलं नाही, आणि बिनखोडबाई अशी हाक मारणंही एकेकाने हळूहळू सोडून दिलं. ती माणुसकी होती, पण बाईंना ती टोचली.

दोन महिन्यांनी कारखान्याचा कारकून आला. मागून एक बाई आली, तिशीतली, उजव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज.

"मिस्त्री कसे आहेत?" त्याने विचारलं. मनापासून विचारलं.

"आहेत."

त्याने मसुदा टेबलावर ठेवला. तेच गिचमिड अक्षर. अंगठ्याची जखम, किरकोळ भरपाई, आणि पॉलिशच्या खोलीत हलकं काम. मात्र या खेपेला खाली कोरी जागा नव्हती. शेवटचा परिच्छेद त्याने अथपासून इतिपर्यंत हाताने लिहून आणला होता.

"साहेबांचा आता नियमच झालाय," तो म्हणाला. "कुणाला ओरखडा जरी उठला तरी, कोर्टाचा शिक्का बसावा म्हणून, त्याच्याकडून दावा लावून घ्यायचा, लगेच तडजोड करायची आणि हे घालायचं. तुमचाच आहे परिच्छेद. म्हटलं, तुमच्याकडेच करू."

बाईंनी कार्बन हातात घेतले होते, ते खाली ठेवले. अंगठेवाली टेबलावर वाकून मसुदा वाचत होती, ओठ हलवत, शब्दाशब्दाला अडखळत.

"बाई," तिने विचारलं, "हे शेवटचं काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंना या वेळी नीट आठवलं. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि वाक्य सुटं करून सांगितलं. अंगठ्याचे पैसे मिळतील. त्याबरोबर तुझे डोळे, तुझी पाठ, तुझी छाती, सगळं विकलं जाईल. उद्या तुला खोकला लागला आणि तू इथे आलीस, तर तुला हाच कागद दाखवतील. तू मेलीस तर तुझ्या पोरांना दाखवतील.

"पॉलिशच्या खोलीत लागतो का खोकला?"

"लागतो."

"मग सही नको करू?"

"नको करूस."

कारकुनाने घसा खाकरला. "नको असेल तर नको, जबरदस्ती नाही," तो अंगठेवालीला म्हणाला. "पण मग भरपाई नाही. आणि अंगठा बरा होईपर्यंत चक्रावर तुझं काय काम?"

ती बराच वेळ आपल्या बँडेजकडे बघत बसली. मग उठली. बाईंकडे न बघता म्हणाली, "घरी खाणारी चार तोंडं आहेत, बाई."

"मी हे करणार नाही," बाई कारकुनाला म्हणाल्या.

"कळतं मला," तो म्हणाला, आणि त्याला खरंच कळत होतं. त्याने मसुदा उचलला आणि एक पाऊल सरकून पाचव्या टेबलावर ठेवला. काकांनी बाईंकडे पाहिलं, मसुद्याकडे पाहिलं. त्यांच्याही घरी तोंडं होती. त्यांनी तीन कागदांत दोन कार्बन सरकवले.

बाई हात मांडीत घेऊन बसून राहिल्या. शेजारच्या मशीनचा आवाज त्यांना कलमागणिक ओळखू येत होता. अंगठा झाला. भरपाई झाली. हलकं काम झालं. मग शेपूट सुरू झालं, आणि पहिल्याच ओळीत मशीन अडलं.

"बाई," काकांनी सवयीने मान वळवून विचारलं, "नखशिखांतमधला 'शि', पहिली की दुसरी?"

"पहिली," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी ओठांवर हात दाबला. तोवर काकांची बोटं पुढे निघाली होती.